वाचक विचारतात : बोहारणीचा डबा, सासूबाईंचं आजारपण आणि भावाचा सातबारा

नमस्कार आणि जय ख्रिस्त. या वेळी पत्रं जरा जास्तच आली, बरीचशी व्हॉट्सअॅपवर आणि दोन तर चक्क आंतरदेशीयवर. सगळी घेणं शक्य नाही, म्हणून रोजच्या जगण्यात अडलेली तेवढी निवडली, नावं नेहमीसारखी काढून टाकलीयेत. "अमुक वचनाचा अर्थ काय" अशी पत्रं पाळकसाहेबांकडे दिली, ते त्यांचं खातं. मी आयुष्यभर वॉर्डात नर्सिंग केलं, त्यामुळे उत्तरं त्याच चष्म्यातून येणार हे गृहीत धरा.

प्रश्न : ताई, आमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी येतात, त्यांना दर नाताळला मी फराळाबरोबर कपडे देते. या वेळी चार साड्या दिल्या, त्यातली एक गढवाल, फार तर दोनदा नेसलेली. आणि जानेवारीत बघते तर सोसायटीच्या गेटवर मावशी बोहारणीशी घासाघीस करतायत, माझ्याच साड्या देऊन स्टीलचा डबा घेतला! मला इतकं वाईट वाटलं ना. देऊन उपयोग काय मग? पुढच्या नाताळला द्यावं की नको?
— पिंपरीहून एक वाचक

उत्तर : अहो, मावशींना डबा हवा होता! तुमचं पत्र वाचून मला हसू आलं, रागावू नका. गढवाल नेसून त्या कुठे जाणार, सकाळी सहाला बाहेर पडायचं, चार घरची भांडी, दुपारी घरी जाऊन स्वतःची धुणी. आणि बोहारीण म्हणजे काय चीज असते माहितीये ना, साडी उजेडात धरून बघते, काठ ओढून बघते, "ही विरलीय बाई" म्हणत एक बाजूला टाकते आणि राहिलेल्या तीनवर एवढासा डबा पुढे करते, वर त्याचं झाकण घट्ट बसतंय का ते आपणच तपासायचं. म्हणजे सौद्यात मावशींचाही तोटाच झाला. तुम्ही डिसेंबरात नुसतं विचारलं असतं, "मावशी, या वर्षी काय देऊ?" तर तुमची गढवाल भाचीला गेली असती आणि मावशींना चांगला पाच किलोचा, कडीवाला डबा मिळाला असता.

बायबलात मार्कच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला बार्तीमय आहे बघा, आंधळा, भीक मागणारा, ओरडतोय आणि लोक त्याला गप्प बस म्हणतायत. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आता समोर आंधळा माणूस उभा आहे, काय हवंय ते शेंबड्या पोरालाही कळेल, तरी विचारलं. मला ती गोष्ट त्या विचारण्यासाठीच आवडते, कारण त्या माणसाला त्या दिवसापर्यंत सगळ्यांनी नाणी टाकली असतील पण विचारलं कुणी नसेल. आपण कपाट आवरायला काढतो, नकोसं झालेलं बाजूला काढतो आणि त्याला दान म्हणतो. बाप्तिस्मा करणारा योहान तर सरळ म्हणायचा, दोन अंगरखे असतील तर एक द्या, तिथे जुना की नवा हा विषयच नाही.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. नाताळला साडी देणारी बरीच घरं मावशी आजारी पडल्या की खाडे कापतात. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि वर्षाला एक पगार बोनस, एवढं आधी करा. मजुराची मजुरी रात्रभर सुद्धा आपल्याकडे ठेवू नका हे लेवीयमध्ये लिहिलंय, तिथे फराळाचा उल्लेख नाही. (फराळ द्याच, करंज्या कुणाला नको असतात.)

प्रश्न : ताई, सासूबाईंना डिमेन्शिया आहे, तीन वर्षं झाली. दर दहा मिनिटांनी विचारतात मी जेवले का. पैसे स्वतःच उशीच्या अभ्र्यात लपवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात सुनेनं चोरले. संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी सोडा" म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहतात. मिस्टर कामावरून नऊला येतात. धाकटे दीर दुबईला आहेत, त्यांनी चर्चच्या छपरासाठी मोठी देणगी दिली पण आईसाठी बाई ठेवूया म्हटलं तर म्हणतात घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला. मिस्साला गेले की बायका म्हणतात हा तुझा क्रूस आहे गं, आनंदाने वाहा. परवा मी त्यांच्यावर ओरडले, मग रात्रभर रडले. मी वाईट ख्रिस्ती आहे का?
— एक सून, वसई

उत्तर : नाही. तू दमलेली बाई आहेस. एकेरीत लिहितेय, चालेल ना, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

आधी आजाराचं बोलू कारण त्याने लगेच फरक पडतो. "आत्ताच तर जेवलात" हे वाक्य बंद कर, त्यांना ते आठवणारच नाही आणि तू खोटं बोलतेयस असं वाटून चिडचिड वाढेल. दिवसाचं जेवण लहान लहान वाटे करून ठेव, विचारलं की अर्धी केळी नाहीतर दोन चमचे पेज पुढे कर. पैसे हरवले म्हणाल्या की "चला आपण दोघी शोधू" म्हण आणि अभ्र्यापर्यंत त्यांनाच ने, त्यांच्या हाताने सापडू दे. संध्याकाळची घालमेल या आजारात पुष्कळांना होते, त्यासाठी अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लाव. आणि "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नकोस. विचार, "घरी कोण कोण आहे? वाडीत केळी किती आली? विहिरीला पाणी आहे का अजून?" त्या माहेरच्या वाडीत जाऊन येतील, दहा-पंधरा मिनिटं बोलतील आणि बऱ्याचदा दारापासून आपोआप मागे वळतील. रोज जमेल असं नाही, पण जमतं. अजून एक लक्षात ठेव, एखाद्या आठवड्यात अचानक फारच बिघडलं, भ्रम वाढला, झोपूनच राहिल्या, तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना दाखव आणि लघवी तपासून घे. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या इन्फेक्शनने डोकं असंच फिरतं आणि औषधाने उतरतं. वॉर्डात मी हे इतक्यांदा बघितलंय.

आता क्रूस. त्या बायकांना माझ्याकडून विचार, स्वतः प्रभूचा क्रूस वधस्तंभाच्या जागेपर्यंत कुणी वाहिला? कुरेनेकर शिमोन, शेतावरून येत होता, सैनिकांनी धरला आणि त्याच्या खांद्यावर दिला. म्हणजे साक्षात येशूलाही तो एकट्याने वाहवला नाही आणि आपण एका सुनेला सांगतोय एकटीने वाहा, तेही आनंदाने. त्यातली कुणी शिमोन व्हायला तयार आहे का ते बघ. मंगळवारी दोन तास येऊन बसेल अशी एक जरी निघाली तरी पुष्कळ, नाही निघाली तर निदान बोलणं तरी बंद होईल.

चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानायचे त्या लोकांतल्या एकाची, गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण तिचा शेवट कुणी नीट वाचत नाही. त्या माणसाने रस्त्यात लुटून टाकलेल्या एकाच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, एक रात्र काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेवाल्याच्या हातावर ठेवून स्वतःच्या कामाला निघून गेला. जास्त खर्च झाला तर येताना देईन म्हणाला. त्याने पगारी माणूस ठेवला गं! आणि तरी प्रभूने त्यालाच खरा शेजारी म्हटलं.

दिरांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, पुढचं त्यांच्यासाठी आहे. भाऊ, मार्कच्या सातव्या अध्यायात "कुर्बान" वाचा. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू काय बोलला ते तिथे आहे, मी इथे गोड करून सांगणार नाही. चर्चचं छप्पर छान झालं असेल, आता आईच्या उशाशी रात्रपाळीची बाई ठेवा, पैसे महिन्याच्या एक तारखेला पाठवा. आणि तुम्हाला कायद्याची भाषा कळत असेल तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि नातवंडांवर टाकलीय, सुनेचं नाव त्या व्याख्येत नाहीये.

तू ओरडलीस त्याचं म्हणशील तर सासूबाई ते तासाभरात विसरल्या असतील, तूच धरून बसलीयेस. फादरांकडे जाऊन बोलून ये, बोलणं झालं की तिथून लगेच घरी पळू नकोस, समुद्रावर जा, अर्धा तास नुसती बस. कुणाशीच बोलता येत नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही फुकट हेल्पलाइन आहे, ती सांभाळणाऱ्यांनीही लावली तर चालते.

प्रश्न : सिग्नलला भीक द्यावी का? येशू म्हणतो जो मागतो त्याला दे, आणि मित्र म्हणतात हे रॅकेट असतं.
— पुण्याहून, बाईकवरून रोज जाणारा

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. लहान मूल दिसलं तर पैसे नको, १०९८ ला फोन कर, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, सिग्नलचं नाव आणि वेळ सांग. मोठ्या माणसाला द्यावंसं वाटलं तर दे, वाटलं नाही तर नको, पण काच वर केल्यासारखं तोंड फिरवू नकोस, तुझ्या बाईकला तर काचही नाही. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला नाव विचारून होतं. गंमत म्हणजे आपल्या राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या दृष्टीने मागणारा गुन्हेगार, आणि भुकेल्याला दिलं ते मलाच दिलं म्हणणाऱ्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाच्या दृष्टीने तोच प्रभू. तुला कोणत्या बाजूने बघायचं ते बघ, मी एवढंच म्हणेन की रॅकेटचा विचार आपल्याला नेमका दहा रुपये देतानाच सुचतो.

प्रश्न : आदरणीय ताई, वडील वारले, जमीन साडेचार एकर, त्यातली दीड बागायत. भाऊ म्हणतो हक्कसोडपत्रावर सही कर, तुला लग्नात दिलंय. मी नाही म्हटलं तर बोलणं बंद. मंडळीतले वडीलधारे म्हणतात सत्तर वेळा सात क्षमा करायची असते, पौलाने लिहिलंय बांधवांनी कोर्टात जाऊ नये. मला भांडायचं नाहीये, पण माझे मिस्टर रोजंदारीवर आहेत, दोन मुली आहेत. सही करावी का?
— राहुरी तालुका

उत्तर : बाई, क्षमा करायला सब-रजिस्ट्रारकडे जावं लागत नाही. सही करायला जावं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे लेकीबाळींच्या बाबतीत त्या मुद्दाम एकत्र बांधतात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हीच वडीलधारी मंडळी भावाभावांत वाटणी असते तेव्हा मोजणीवाला बोलावतात, सत्तर वेळा सात तेव्हा कुणाला आठवत नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट घे, आपला वाटा आधीच घेऊन, उधळून परत आलेला धाकटा. त्याच्याइतकी क्षमा तर कुणालाच मिळाली नाही, अंगरखा, अंगठी, पुष्ट वासरू, वाजंत्री. पण बाप थोरल्याला काय म्हणतो? माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे धाकट्याला मिठी मारली, घरात घेतलं, पण झालेली वाटणी मोडून थोरल्याचा हिस्सा काढून दिला नाही. क्षमा पूर्ण आणि हिशोब जागच्या जागी.

पौलाचं म्हणशील तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो कोर्टात जाऊ नका म्हणतो हे खरं, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही असंही म्हणतो, ते लपवायला नको. पण त्याच दमात तो विचारतो की भावाभावांचा निवाडा करेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का. निवाडा करा म्हणतोय तो. तर तुमच्या वडीलधाऱ्यांना सांग, कोर्ट नको ना, ठीक आहे, मग बसा, सातबारा आणि फेरफार समोर ठेवा आणि दोघांचं ऐकून निवाडा द्या. अन्याय सोसायचा असेल तर तो ज्याचा त्याने ठरवून सोसायचा, चार जणांनी खुर्चीत बसून पाचवीला सोसायला लावायचा नाही. आणि गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, देव म्हणतो या बरोबर बोलतायत. त्यांना भाऊ नव्हता, तुला आहे, एवढा फरक आहे. पण आता तो फरकही राहिला नाही, आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, मृत्युपत्र नसेल तर आईचा एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. लग्नात दिलं म्हणून वाटा संपत नाही.

करायचं काय ते सांगते. सही आत्ता करू नकोस. तलाठ्याकडून नाहीतर ऑनलाइन सातबारा आणि वारसाचा फेरफार काढून घे, फेरफाराची नोटीस आली असेल तर पंधरा दिवसांत हरकत लेखी द्यायची असते, पोच घ्यायची. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नकोस, तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. आणि भावाशी बोलणं तू बंद करू नकोस. तो फोन उचलत नसेल तरी भाचरांच्या वाढदिवसाला जा, पेढे ने. त्याला एकदा शांतपणे विचार की एवढी घाई कशाची आहे, बऱ्याचदा मागे सोसायटीचं कर्ज नाहीतर सावकार निघतो आणि मग बोलणं वेगळ्याच रस्त्याला लागतं. त्यानंतर तुला स्वतःला वाटलं की बागायत त्याला जाऊ दे, मला जिरायत पुरे, तर ते तुझं देणं.

प्रश्न : आमचा तरुण संघ दर महिन्याला सरकारी हॉस्पिटलात फळं वाटतो आणि सोबत एक प्रार्थनेचं पत्रक देतो. मागच्या वेळी एका पेशंटच्या मुलाने पत्रक परत केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला केळं देऊन धर्म विकता का. आम्ही काही जबरदस्ती करत नव्हतो. आता काय करावं?
— तरुण संघाचा सेक्रेटरी

उत्तर : पत्रक थांबवा. तो मुलगा उद्धट असेल, पण त्याचा बाप खाटेवर होता आणि अशा वेळी माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो, तुम्हाला जबरदस्ती वाटली नाही तरी त्याला वाटू शकते. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. येशूने विचारलं जरूर बाकीचे नऊ कुठे आहेत, पण त्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं नाही.

हा प्रश्न नवाही नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना आपापल्या चालीरीती, सोवळंओवळं पाळायची मोकळीक दिली. पण रमाबाई स्वतः खोलीत प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायला लागल्या, एवढ्यावरून पुण्यात गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना प्रार्थना थांबवली ना मुलींना हाकललं. मला त्यांची बाजू पटते, कारण तिथे दार उघडं होतं आणि यायचं की नाही हे मुली ठरवत होत्या. खाटेवरच्या पेशंटच्या हातात कागद देणं म्हणजे उघडं दार नाही.

आता केळ्यांबद्दल, हे मी सिस्टर म्हणून बोलतेय. तुमच्या फळवाटपाने वॉर्डात काय होतं माहितीये? शुगरच्या पेशंटला दोन केळी, उद्या ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलेल्याला दोन केळी, डायलिसिसवाल्याला तर केळं विषच, आणि संध्याकाळी साली गोळा करायला आमची वॉर्डातली सफाईची मामा-मावशी मंडळी. फोटो मात्र छान येतात. पुढच्या वेळी आधी वॉर्डच्या सिस्टरला जाऊन विचारा काय लागतंय. ती सांगेल, रक्त हवंय. किंवा सांगेल, सात नंबरच्या बाईजवळ कुणीच नाही, तिच्या मुलाला अंघोळीला जायचंय, तासभर बसता का. नातेवाइकांना विचारलंत तर मोबाईल चार्जिंग, गरम पाणी, केसपेपरची लाइन, एक्सरे कुठल्या मजल्यावर, याच्यात निम्मे प्रश्न निघतील. यातलं काही करा, कुणी विचारलंच की तुम्ही कोण, तर सांगा की चर्चमधून आलोय, त्यात लाजायचं काय.

प्रश्न : ताई मी दहावीत आहे. माझ्या मैत्रिणीची आई गेल्या आठवड्यात वारली. मला तिच्याकडे जायचंय पण काय बोलायचं कळत नाही म्हणून मी गेलेच नाही. आई म्हणते "देवाची इच्छा" असं म्हण.
— नाव नको

उत्तर : तसं नको म्हणूस बाळा. बायबलात मुलंबाळं, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं छान होतं, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. तू आज संध्याकाळी जा. "काय बोलू कळत नाहीये" एवढं म्हटलंस तरी चालेल, आणि ती आईबद्दल बोलायला लागली तर विषय बदलू नकोस, ऐक, रडली तर रडू दे. पंधरा दिवसांनी सगळ्यांचं येणं बंद होतं, तेव्हा तू जात राहा. शाळेतल्या तिच्या वह्या अपुऱ्या राहिल्या असतील, तुझ्या झेरॉक्स करून ने, पूर्वपरीक्षेला किती दिवस राहिलेत तूच मोज. त्रिकोणमिती नुसत्या झेरॉक्सवरून कळणार नाही, ती समजवावी लागेल, ती तुला तरी येते ना?